डी5600 घेऊ नका म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

"निकॉन डी5600 कॅमेरा म्हणजे निकॉनच्याच साध्या डी3500 ला फिरणारी स्क्रीन, ऑटोफोकसची मोटर नसल्यामुळे जुन्या लेन्स चालत नाहीत, आणि 108 मेगापिक्सलच्या फोनपुढे 24 मेगापिक्सल म्हणजे काहीच नाही." सेकंडहँड कॅमेरा बघतोय असं कुणी म्हटलं की हा मेसेज हमखास येतो. थोडं खरं आहे त्यात, म्हणूनच लोक फसतात.

मेगापिक्सलचं आधी उरकतो. 108 वाला फोन साध्या मोडवर बहुतेक वेळा नऊ-नऊ पिक्सल एकत्र करून 12 मेगापिक्सलचाच फोटो देतो. गॅलेक्सी एस20 अल्ट्रा घ्या, त्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, 108 वाल्यांतली मोठी, तरी डी5600 चा सेन्सर क्षेत्रफळात त्याच्या पाचपट भरतो. हां, फोन सॉफ्टवेअरने रात्रीचे फोटो मस्त काढतो, ते मान्य.

आता "फक्त स्क्रीन". फोटोची क्वालिटी दोन्हींची जवळपास सारखी, त्यावर मी वाद घालणार नाही. पण डी3500 ला फोकस पॉइंट 11 आणि ह्याला 39, शिवाय ब्रॅकेटिंग (एकच फोटो कमी-जास्त उजेडात लागोपाठ काढणं), टाइमलॅप्स, बाहेरचा माइक लावायला सॉकेट, हे सगळं डी3500 मध्ये नाहीच, मग "फक्त" कशाला म्हणायचं? आणि स्क्रीन म्हणाल तर गणपतीच्या मिरवणुकीत कॅमेरा डोक्यावर धरून स्क्रीन खाली वळवली की गर्दीच्या वरून अख्खं ढोल पथक दिसतं, फक्त लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे स्क्रीनवर बघून काढताना, फोकस रेंगाळतो, वादक नाचत असेल तर पुढे-मागे शोधत बसतो आणि तोवर क्षण गेला. तिथे व्ह्यूफाइंडरच बरा.

मोटरचं अर्धवट खरं आहे. बॉडीत मोटर नाही, म्हणून 50 एमएम 1.8 डी ही जुनी लेन्स लावली तर ऑटोफोकस होत नाही, पण मीटरिंग (उजेड मोजणं) चालतं, हाताने रिंग फिरवायची आणि फोकस बसला की व्ह्यूफाइंडरमध्ये खाली डावीकडे ठिपका स्थिर होतो. निकॉनच्या एएफ-एस आणि एएफ-पी लिहिलेल्या लेन्सना स्वतःची मोटर असते, त्या व्यवस्थित फोकस करतात. त्यामुळे दुकानदार "50 ची आहे, स्वस्तात देतो" म्हणाला की लेन्सवर एएफ-एस लिहिलंय का ते आधी बघा, नाहीतर नंतर बसाल बोंबलत. मीटरिंगसुद्धा मिळत नाही ते फिल्मच्या जमान्यातल्या पूर्ण मॅन्युअल लेन्सना, पण त्यासुद्धा बहुतेक बसतात, एक्स्पोजर अंदाजाने लावायचं.

व्हिडिओ फोर-के नाही, 1080 ला सेकंदाला 60 फ्रेमवर थांबतो. तेच करायचं असेल तर दुसरं काहीतरी बघा.

नावं ठेवायचीच होती तर खऱ्या गोष्टी होत्या की राव! सेटिंग बदलायची डायल एकच आहे, मॅन्युअल मोडमध्ये अ‍ॅपर्चर बदलायला शटरजवळचं प्लस-मायनस बटण दाबून धरून डायल फिरवावी लागते, लग्नाच्या हॉलमध्ये अक्षता पडायच्या वेळी हे करून बघा म्हणजे कळेल. व्ह्यूफाइंडर 95 टक्केच फ्रेम दाखवतो, मग कडेला कुणाचं तरी कोपर येतं ते घरी आल्यावर दिसतं. ह्या दोन्हीचा त्रास होणार असेल तर त्याच बजेटमध्ये निकॉनचाच जुना डी7200 मिळतोय का बघा, त्याला दोन डायल आहेत आणि मोटरपण.