नऊ जण मस्टरवर, बाकीचे कुठे?

ठाणे-नवी मुंबईतल्या उद्योजकांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘दहावा कामगार घेतला की कायदे मानगुटीवर बसतात, म्हणून वागळे-रबाळेतले छोटे कारखाने वाढत नाहीत. कायदे काढा, रोजगार वाढेल.’ याच गाळेवाल्यांची पीएफ आणि ईएसआयची (कामगारांच्या सरकारी विम्याची) चलनं मी भरते, म्हणून या मजकुराला आणि त्यासोबत नेहमी ऐकू येणाऱ्या तक्रारींना एकेक करून उत्तर देतेय.

‘कारखाने नऊवर अडकलेत.’ अडकलंय ते मस्टर, म्हणजे हजेरीचं रजिस्टर. पॉवर प्रेसच्या (पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनच्या) गाळ्यात नऊ जण रजिस्टरवर असतात, बाकीचे ठेकेदाराचे, नाहीतर बायकोच्या नावावरच्या दुसऱ्या फर्मचे. मशीन तेच, शिफ्ट तीच, सुपरवायझरही तोच. यातून सुटका होत नाही, कारण ईएसआयसाठी ठेकेदाराची माणसंही मोजली जातात. चौकशी लागली की मागची थकबाकी व्याजासकट भरावी लागते.

‘खर्च परवडत नाही.’ हिशेब करून बघा. 15,000 पगारावर ईएसआयचा मालकाचा हिस्सा 3.25 टक्के, म्हणजे महिन्याला 487 रुपये 50 पैसे. त्यात प्रेसखाली बोटं गेलेल्या माणसाला वागळे इस्टेटच्या कामगार हॉस्पिटलात उपचार मिळतात, बरा होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के मिळतात, कायमचं अपंगत्व आलं तर पेन्शन. ईएसआय नसेल तर भरपाई मालकाच्या खिशातून, आणि तिला दहा माणसांची अट नाही. प्रत्यक्षात मात्र हातावर थोडे पैसे टेकवून त्याला गावी पाठवतात. चौदा-पंधरा वर्षं प्रेसवर राबलेल्या माणसाची ही बोळवण मला सहन होत नाही.

‘माणूस काढायला सरकारची परवानगी लागते.’ ती अट 100 कामगारांपासून होती. 21 नोव्हेंबर 2025 ला औद्योगिक संबंध संहिता लागू झाल्यापासून ती 300 वर गेली. छोट्या गाळ्याचा तिच्याशी संबंधच येत नाही.

इन्स्पेक्टरचा जाच मात्र खरा आहे. मालक घाबरतो तो 487 रुपयांना नव्हे, रजिस्टर चाळून चूक काढणाऱ्याला. मग तपासणी सुधारा, रिटर्न सोपे करा. कामगाराचा विमा कशाला काढून घेता?

आणि वाढ खरंच कुठे अडते? माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीकडे अडकलेल्या बिलात. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत पेमेंट द्यायला हवं. तीन-तीन महिने ते येत नाही, पत्रा मात्र रोखीने उचलावा लागतो. सरकारी पोर्टलवर तक्रारीची सोय आहे, पण पुढची ऑर्डर जाईल म्हणून माझ्याकडचे बहुतेक गाळेवाले ती करत नाहीत.