मिल्वा पंधरा वेळा हरली, पण कशात?

एका इटालियन गायिकेचा जुना कृष्णधवल व्हिडिओ अधूनमधून आपल्या फोनवर येऊन पडतो. ती 'बेल्ला चाव' हे प्रसिद्ध लोकगीत गाते आहे आणि खाली मजकूर असतो. कधी थोडा लांब, कधी आखूड, पण सांगाडा तोच: "भातशेतीत राबलेल्या मुलीने गायलेलं हे मूळ गाणं. हिचं नाव मिल्वा. सान रेमोच्या गाण्याच्या स्पर्धेत पंधरा वेळा उतरली, पंधराही वेळा हरली. गाण्यात जमेना म्हणून नाटकात गेली. तिथे एका दिग्दर्शकाने तिला घडवलं. पुढे मायदेशाने पाठ फिरवली आणि जर्मनीत गाऊन पोट भरावं लागलं." शेवटी 'हार मानू नका' आणि जोडलेले हात.

यातला एक आकडा खरा आहे, बाकीचं बरंचसं कुणीतरी त्याच्याभोवती रचलेलं आहे. एकेक घेऊ.

भातशेतीपासूनच सुरुवात करतो. मिल्वा म्हणजे मारिया इल्वा बिओल्काती. जन्म १७ जुलै १९३९, गाव गोरो, पो नदीच्या मुखाशी वसलेलं मासेमारीचं गाव. वडील मासळीच्या धंद्यात, आई शिवणकाम करणारी. भाताची बेणणी करणाऱ्या ज्या बायकांना इटलीत 'मोन्दीने' म्हणतात, त्यांचा मुख्य मुलूख वेर्चेल्ली-नोवाराकडचा, म्हणजे नदीच्या पार वरच्या अंगाला. मिल्वा पोरवयात गात होती ती नाचाच्या हॉलमध्ये, 'साब्रिना' या नावाने. १९५९ मध्ये इटालियन सरकारी रेडिओची नव्या आवाजांची स्पर्धा तिने जिंकली आणि तिथून ती वर आली.

आणि ते 'मूळ गाणं'? मिल्वा त्या व्हिडिओत बेणणीवाल्या बायकांचे शब्द गाते: पहाटे उठून खाचरात जायचं, डास, किडे, काठी घेऊन उभा मुकादम. हे शब्द एकोणिसाव्या शतकातले आणि पार्टिझानांचं, म्हणजे महायुद्धात फॅसिस्टांविरुद्ध लढलेल्या इटालियन बंडखोरांचं, गाणं त्यावरून निघालं, असं बराच काळ मानलं जाई. अभ्यासकांनी पुढे ही साखळी उलटी केली. शेतमजूर बायकांचे हे शब्द वास्को स्कान्सानी या ग्वाल्तिएरीच्या माणसाने १९५१च्या सुमारास बांधले, म्हणजे महायुद्ध संपल्यानंतर. ते लोकांपुढे आणले जोव्हाना दाफ्फिनी हिने. ती खरोखर भातखाचरात राबलेली होती आणि १९६२ मध्ये लोकसंगीताच्या संग्राहकांनी तिच्या तोंडून हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. 'शेतात राबलेली मुलगी' हवीच असेल तर तो मान दाफ्फिनीचा आहे, तो मिल्वाला देऊन टाकणं बरं नव्हे. मिल्वाने १९६५ मध्ये स्वातंत्र्यगीतांची एक अख्खी तबकडी काढली, दूरचित्रवाणीवर हे गाणं घराघरांत नेलं. तिचं काम एवढं, आणि ते लहान नाही.

आता पंधरा पराभव. आकडा बरोबर: १९६१ ते २००७, पंधरा वेळा सहभाग, पहिला क्रमांक एकदाही नाही. पण पहिल्याच खेपेला, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ती तिसरी आली. १९६२ मध्ये 'तांगो इतालियानो' घेऊन दुसरी. शिवाय त्या काळात सान रेमोची रीत वेगळी होती. प्रत्येक गाणं दोन वेगवेगळे गायक आपापल्या पद्धतीने गात आणि बक्षीस मिळे ते गाण्याला. त्यामुळे 'गायिका हरली' हे म्हणणंच जरा सैल आहे. आणि बाकीच्यांचं काय? गायिका मीना, जिच्याशी मिल्वाची आयुष्यभर तुलना झाली, ती दोनदा गेली, जिंकली नाही आणि पुन्हा स्पर्धेत फिरकली नाही. रॉक गायक वास्को रॉस्सी १९८३ मध्ये खालून दुसरा आला आणि त्यानंतर स्टेडियमं भरवत राहिला. या स्पर्धेचा निकाल म्हणजे कुंडली नव्हे.

१९६२ मध्ये मिल्वाच्या पुढे गेलेलं गाणं दोमेनिको मोदुन्यो आणि क्लाउदिओ विल्ला या गायकांचं होतं. हा मोदुन्यो लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

'गाण्यात जमेना म्हणून नाटकात' हे वाक्य मला सगळ्यांत जास्त खुपतं. ज्या भाषेत बालगंधर्व होऊन गेले त्या भाषेत हे लिहावं आणि पुढे ढकलावं, याचं नवल वाटतं. गाणारा नट म्हणजे गाण्यात नापास झालेला माणूस, असं आपण कधीपासून मानायला लागलो? पण भावना बाजूला ठेवू, सनावळीच पाहू. सान रेमोत पहिलं पाऊल १९६१ ला. मिलानच्या पिक्कोलो तेआत्रो या नाट्यगृहात दिग्दर्शक जॉर्जो स्ट्रेलरबरोबर पहिलं काम १९६५ ला. मधे चार वर्षं. तेव्हा ती सव्वीसेक वर्षांची होती आणि तिच्या तबकड्या खपत होत्या. जर्मन नाटककार ब्रेख्तची गाणी शिकत असतानाच ती सान रेमोलाही जात होती. एक दार बंद झालं म्हणून तिने दुसरं ठोठावलं नाही. दोन्ही घरांत तिचा राबता होता, चाळीसेक वर्षं.

१९७३ मध्ये स्ट्रेलरने ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांचा 'थ्री पेनी ऑपेरा' दुसऱ्यांदा उभा केला. मराठी वाचकाला हे नाटक परकं नाही: पु.ल.नी ते 'तीन पैशाचा तमाशा' म्हणून आणलं, १९७८ मध्ये जब्बार पटेलांनी ते बसवलं आणि नंदू भेंडे त्यात अंकुश झाले. त्या अंकुशचा मूळ पुरुष मॅकी. स्ट्रेलरच्या प्रयोगात मॅकी होता दोमेनिको मोदुन्यो, आणि त्याला पोलिसांच्या हाती देणारी वेश्या जेनी होती मिल्वा. अकरा वर्षांपूर्वी ज्याच्या गाण्याने तिला मागे टाकलं, त्याला ती आता रोज रात्री पकडून देत होती! १९८६ मध्ये पॅरिसच्या शातले थिएटरात स्ट्रेलरने हेच नाटक फ्रेंचमध्ये केलं, तेव्हाही जेनी तीच.

मग 'दिग्दर्शकाने घडवलं' यात तथ्य नाही का? आहे, बरंच आहे. शब्द आधी आणि सूर त्याच्या मागून, ही ब्रेख्तच्या गाण्याची शिस्त तिला स्ट्रेलरने लावली. पण १९८२ मध्ये ला स्काला ऑपेरागृहात संगीतकार लुचानो बेरिओच्या 'ला वेरा स्तोरिया'त ती गायली, त्याची संहिता लेखक इतालो काल्व्हिनोची. त्यात ती चौकात उभं राहून गोष्ट गाऊन सांगणारी बाई होती, आपल्या शाहिराच्या जवळची. १९८४ मध्ये पॅरिसच्या बुफ दु नॉर थिएटरात तांगोचा संगीतकार आस्तोर पियाझोल्ला बँडोनिऑन हे भात्याचं वाद्य घेऊन तिच्याबरोबर उभा राहिला. गायक-संगीतकार फ्रांको बात्तियातोने तिच्यासाठी 'अलेक्झांडर प्लाट्झ' केलं. २००४ मध्ये आल्दा मेरीनी या कवयित्रीच्या कवितांची तबकडी निघाली. स्ट्रेलर वारला डिसेंबर १९९७ मध्ये. तिचं गाणं त्यानंतरही बारा-तेरा वर्षं चालू होतं. शिष्या असणं आणि कुणाच्या हातची मूर्ती असणं यात फरक आहे.

जर्मनीचं थोडक्यात. तिथे ती फार मोठी होती, काही बाबतीत इटलीपेक्षाही. मीनाइतकी घरगुती लाडकी ती इटलीत कधी झाली नाही, हेही कबूल करायला हवं. पण पोटासाठी? १९७८ मध्ये ग्रीक संगीतकार मिकिस थिओडोराकिसच्या चालींवरची तिची जर्मन तबकडी तिथे गाजली. त्यानंतर लगेच, १९८० मध्ये, मिलानच्या एंत्सो यान्नाच्ची या गायक-गीतकाराने तिच्यासाठी 'ला रोस्सा' लिहिलं: लाल बाई, केसांनीही आणि विचारांनीही. ला स्काला आणि बात्तियातो त्याच्याही नंतरचे. मायदेशाने पाठ फिरवली ती नेमकी कुठल्या वर्षी, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं. बाईला तीन देशांनी नागरी सन्मान दिले, त्यातला एक इटलीचा.

२०१० मध्ये तब्येतीमुळे तिने रंगमंच सोडला. २०१८ मध्ये सान रेमोने कारकिर्दीचा पुरस्कार दिला, तो तिच्या वतीने मुलगी मार्तिना कोर्न्याती हिने घेतला. २३ एप्रिल २०२१ रोजी मिलानमध्ये मिल्वा गेली, वय ८१. अंत्यदर्शनासाठी तिला ठेवलं होतं ते पिक्कोलोच्या नव्या थिएटरात, स्ट्रेलरचं नाव दिलेल्या इमारतीच्या दर्शनी दालनात.