‘नुसते नट-बोल्ट बदलायचे १८,५०० रुपये’ या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या गॅरेजला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. आपल्या लोटस एलिस या स्पोर्ट्स कारच्या बॉडीचे नट-बोल्ट बदलून ते सहज उघडतील असे करून देण्याचे काम सांगितलेल्या मुदतीत झाले नाही, ‘नुसते नट-बोल्ट बदलायचे’ १८,५०० रुपये घेतले आणि मागणी करूनही सगळीकडे पाव फेऱ्यात उघडणारे फास्टनर बसवले नाहीत, असे आपले म्हणणे आहे. गाडी हाती यायला उशीर झाला आणि मित्रांबरोबर ठरलेला आपला महाबळेश्वरचा बेत रद्द करावा लागला, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. पण पैशांबद्दलचे आपले वाक्य जिव्हारी लागले. कोल्हापूर-पुण्याहून गाडी घेऊन येणारी माणसे अभिप्राय वाचूनच येतात आणि त्यांच्या कामावरच माझे व माझ्याकडच्या मुलांचे घर चालते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपली गाडी साध्या पत्र्याच्या गाडीसारखी नाही, हे आपण जाणताच. तिची चौकट ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या इपॉक्सी गोंदाने चिकटवून केलेली असते; म्हणूनच पहिल्या मालिकेतल्या एलिसच्या नुसत्या चौकटीचे वजन ७० किलोच्या आत राहिले. तिच्यावर फायबरची बॉडी मोठमोठ्या तुकड्यांत बसते. पुढचा सगळा भाग एकच तुकडा असल्यामुळे रेडिएटर बदलायचा झाला तरी तो अख्खा उतरवावा लागतो. वजन वाचवण्यासाठी केलेली ही रचना आहे आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. मात्र अशा रचनेत प्रत्येक बोल्ट सुटण्याला फार महत्त्व येते, आणि आपल्या गाडीचे बोल्ट सुटतच नव्हते.

गाडीच्या पोटाखालच्या ट्रेचे ६ मिलिमीटरचे बोल्ट रिव्हनटमध्ये, म्हणजे पातळ ॲल्युमिनियममध्ये रिव्हेटसारख्या दाबून पक्क्या केलेल्या नटांमध्ये, जातात. पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियम आणि वर्षानुवर्षांचा ओलावा एकत्र आला की ॲल्युमिनियम गंजून त्याची पांढरी पूड धरते आणि बोल्ट नटात जाम बसतो. मग १० नंबरचा पाना लावून फिरवले तर बोल्टाबरोबर रिव्हनटही जागच्या जागी गरगर फिरतो, आणि पट्टी पोकळ व बंद असल्यामुळे मागून त्याला धरायला जागाच नसते. दुसऱ्या गाडीत गॅसने तापवून असा बोल्ट चटकन सोडवता येतो. येथे तापवणे म्हणजे ज्या गोंदावर चौकट उभी आहे त्याच गोंदाची ताकद घालवणे होय, त्यामुळे आम्ही आपल्या गाडीजवळ गॅसची नळीसुद्धा नेली नाही. बोल्टाचे डोके हळूहळू ड्रिलने उडवायचे, ट्रे उतरवायचा, उरलेला दांडा व्हाइसग्रिपने धरून रिव्हनट कापून काढायचा, भोक मोठे झाले असेल तर त्याला शोभेल असा पुढच्या मापाचा रिव्हनट बसवायचा आणि ड्रिलचा कीस पट्टीच्या पोटात राहू द्यायचा नाही, असे हे काम चालते. हे सगळे एका बोल्टासाठी करावे लागते, आणि असे बोल्ट बरेच होते.

पुढच्या तुकड्याची अवस्था याहून वाईट होती. आमच्याकडे येण्यापूर्वी कोणीतरी, कोणी ते मी विचारलेही नाही, मूळ बोल्टांच्या जागी पत्र्याचे स्क्रू पिळून बसवले होते. पत्रा थोडा वाकून दाब सोसतो. फायबर वाकत नाही, तडकते. त्या स्क्रूंभोवती जेलकोटला, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराला, चांदणीसारख्या बारीक भेगा गेलेल्या होत्या. काम सुरू करण्याआधी त्यांचे फोटो आपल्याला व्हॉट्सॲपवर पाठवले होते, खर्च वाढेल असे फोनवर सांगितले होते, आणि आपण “करून टाका” म्हणालात. अभिप्रायात यातले काहीच नाही, याचे वाईट वाटते.

त्या प्रत्येक भोकात आम्ही कुपवाडच्या लेथवर करवून घेतलेला ॲल्युमिनियमचा बुश, म्हणजे बोल्ट आतून जाईल अशी छोटी नळी, बसवला आहे. फायबरची आतली बाजू एकसारखी नसते, त्यामुळे दर भोकापाशी व्हर्नियरने जाडी मोजली आणि बुशची लांबी त्या जाडीपेक्षा केसभर जास्त ठेवली. बोल्ट कितीही आवळला तरी तो बुशवर टेकून थांबतो, फायबरवर दाब फक्त रुंद वॉशरचा राहतो आणि भेग पुढे सरकत नाही. जेथे मागून हात पोहोचत नव्हता तेथे नट आतून पट्टीवर पकडून ठेवला आहे, म्हणजे यापुढे एका माणसाला एका पान्याने पुढचा भाग उतरवता येईल. आपण इंटरनेटवरून मागवलेले स्टेनलेसचे चकचकीत बोल्टच वापरले आहेत, पण स्टेनलेस ॲल्युमिनियमला थेट टेकले की ओलाव्यात ॲल्युमिनियम पोखरले जाते, म्हणून डोक्याखाली नायलॉनचा वॉशर आणि आट्यांना गंजरोधक पेस्ट लावली आहे. हे बाहेरून दिसत नाही. बिलात मात्र ते ओळीने लिहिलेले आहे, आणि १८,५०० पैकी बोल्टांचा एक रुपयाही नाही, कारण बोल्ट आपलेच होते.

आता पाव फेऱ्याच्या फास्टनरविषयी. विमानाच्या इंजिनावरील झाकणांना असे फास्टनर लावतात हे आपण म्हणालात ते खरे आहे, आणि जी झाकणे वारंवार उघडावी लागतात त्या पुढच्या दोन छोट्या झाकणांना आम्ही तेच लावले आहेत. पण अख्खी पुढची बॉडी त्यांच्यावर सोडणे मला मान्य नव्हते आणि आजही नाही. वेगात वारा बॉडीला वर उचलू पाहतो, खड्ड्यांमुळे मोठा तुकडा पिळला जातो, आणि पाव फेऱ्याच्या फास्टनरची पकड आवळलेल्या बोल्टाइतकी नसते. पेठ नाक्यावरून महामार्गाला लागल्यावर पुढची बॉडी उघडून काचेवर आली असती, तर त्या अभिप्रायाला मी काय उत्तर दिले असते? ग्राहकाचा शब्द मोडणे मला आवडत नाही, परंतु हा निर्णय जिवाशी संबंधित होता.

उशिराबद्दल एवढेच सांगतो की, फायबरच्या भेगा भरलेले रेझिन पावसाळी हवेत लवकर सुकत नाही, आणि ओले असताना त्यावर बोल्ट आवळला तर केलेले काम वाया जाते. त्याच आठवड्यात कृष्णेचे पाणी चढू लागल्याने आमच्या एका कारागिराला घरातले सामान हलवावे लागले. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या सांगलीकराला अशा वेळी कामावर ये म्हणणे माझ्याने होत नाही. शिवाय बोल्टांची डोकी वर दिसावीत की दिसू नयेत, याबद्दल आपले मत काम सुरू झाल्यानंतर बदलले आणि काही बुश पुन्हा करावे लागले. तक्रार म्हणून नव्हे, नोंद म्हणून लिहितो.

‘सांगलीच्या गॅरेजकडून याहून जास्त अपेक्षा करणेच चूक’ हे आपले शेवटचे वाक्य मात्र कृपा करून मागे घ्यावे. आमच्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत १९१० साली उभी राहिली, आणि कुपवाडच्या लेथवर आजही असे कारागीर आहेत जे एकेका बुशसाठी मशीन थांबवून मला माप दाखवतात. माझ्या कामाबद्दल आपण काहीही लिहा, त्यांच्याबद्दल नको.

यापुढे अशा कामांचा अंदाजी खर्च आणि मुदत लेखी द्यायची, तसेच काम वाढले की तेही लेखी कळवायचे, असे ठरवले आहे. इतरही काही सुधारणा करीत आहोत. नव्याने बसवलेले बोल्ट गाडी ५०० किलोमीटर चालल्यावर एकदा टॉर्क रेंचने तपासून घ्यावे लागतात. गाडी घेऊन या किंवा पुण्यात जवळच्या कोणाकडून तपासून घ्या. प्रत्येक बोल्ट किती आवळायचा याचा तक्ता मी आपल्याला पाठवला आहे. आमच्याकडे आलात तर त्याचे पैसे घेणार नाही, आणि एखादी भेग पुढे सरकलेली दिसली तर ती माझ्या खर्चाने भरून देईन.

आपला नम्र,
गॅरेजमालक, सांगली