‘एअरपोर्ट आधी, तुम्ही नंतर’ म्हणणाऱ्यांसाठी

सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. पुण्यात विमाननगरला फ्लॅट घेताना विमानं दिसली नव्हती का, लोहगावचा एअरपोर्ट 1939 चा आहे, तुम्ही नंतर आलात, आवाज लिमिटमधेच असतो, डबल काचा लावा आणि गप झोपा. माझं हवाई दलाच्या फायटर विमानांबद्दल काही म्हणणं नाही, मी रात्रीच्या पॅसेंजर विमानांबद्दल बोलतोय.

1939 ला इंग्रजांनी इथे हवाई तळ केला हे खरं, पण लोहगाव तुकोबांचं आजोळ, म्हणजे गाव त्याच्या तीनशे वर्षं आधीपासून आहे, तिथल्या गावठाणातल्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगणार तुम्ही नंतर आलात म्हणून? आणि आम्ही नंतर आलो तर बिल्डिंगला परवानगी दिली कोणी? एअरपोर्टजवळ बांधायला जी एनओसी (ना-हरकत) लागते, ती उंचीची असते, इमारत विमानाच्या वाटेत येऊ नये म्हणून. आत झोपणाऱ्याच्या कानावर काय पडेल, हे ती बघत नाही.

आता लिमिट, खरी गोम इथेच आहे. 2018 च्या नियमात गजबजलेल्या विमानतळांना रात्री 65 डेसिबल चालतात, पण ती सरासरी आहे. समजा रात्री एका तासात तीन विमानं गेली, प्रत्येकाचा आवाज अर्धा मिनिट 80 डेसिबल आणि बाकी वेळ शांतता, तर त्या तासाची सरासरी येते साधारण 64. कागदावर सगळं ओके, घरात बाळ तीनदा दचकून उठलेलं. जागतिक आरोग्य संघटना विमानांच्या आवाजासाठी रात्रीची सरासरी 40 च्या खाली ठेवा म्हणते, आणि ‘सवय होते’ म्हणणाऱ्यांनी हेही ऐका, माणूस जागा झाला नाही तरी झोपेत हृदयाचे ठोके वाढतात.

काचांचं म्हणाल तर आपल्याकडच्या सरकत्या खिडक्यांना फट असते, नुसती जाड काच लावून फारसं काही होत नाही, फ्रेमसकट बदलावं लागतं. आणि मे महिन्यात एअरपोर्टशेजारच्या धानोरीत सगळं बंद करून झोपायचं तर एसी आला, त्याचं बिल आलं, ते कोण भरणार? जर्मनीत 1971 पासून कायदा आहे, जास्त आवाजाच्या पट्ट्यातल्या घरांना साउंडप्रूफिंगचा खर्च विमानतळ देतो. फ्रँकफर्टला तर 2011 पासून रात्री 11 ते पहाटे 5 नियमित उड्डाणंच बंद आहेत, तरी तो युरोपातल्या मोठ्या एअरपोर्टपैकी एक आहेच.

पुण्यासाठी पुरंदरला नवा विमानतळ झाला की सुटेल म्हणतात, ते 2016 पासून ऐकतोय. तोवर मध्यरात्रीनंतरचे विमानांचे स्लॉट तरी कमी करा आणि घर आवाजाच्या कोणत्या पट्ट्यात येतं ते फ्लॅटच्या अ‍ॅग्रीमेंटमधे लिहायला लावा, मग विचारा घेताना दिसलं नव्हतं का.