अहिल्याबाईंनी काशीतल्या देवळाला शाप दिलेला नाही

मावशी दिवाळीनंतर काशीला निघालीय. कित्येक वर्षांची इच्छा, आत्ता कुठे जमतंय. परवा तिचा फोन आला, "अगं, मणिकर्णिकेजवळ ते वाकडं देऊळ आहे ना, तिथे हात जोडायचे की नाही? अहिल्यादेवींचा शाप आहे म्हणे त्याला." मागोमाग तिने तो मेसेज पाठवला. तोवर तो माझ्याकडे आणखी दोन ग्रुपवरून येऊन पडला होता.

मेसेज थोडक्यात असा: काशीतलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ ५०० वर्षांपूर्वी राजा मानसिंगाच्या सेवकाने आईसाठी बांधलं. "आईचं ऋण फिटलं" म्हणताच ते कललं. पुढच्याच परिच्छेदात तेच देऊळ अहिल्याबाईंच्या रत्नाबाई नावाच्या दासीने बांधलंय. तिने देवाला स्वतःचं नाव दिलं म्हणून अहिल्याबाई चिडल्या, त्यांनी शाप दिला आणि देऊळ कललं. मग पिसाच्या मनोऱ्यापेक्षा हे जास्त कललंय पण जगापासून लपवलं गेलंय, काशीत कावळे नाहीत, तिथे प्रेताला वास येत नाही, गंगाजळात एकही जंतू जगत नाही. शेवटी "दहा जणांना पाठवा".

मानसिंगाचं आधी उरकते. हा आमेरचा राजा, अकबराचा सरदार, जन्मला १५५० मध्ये आणि वारला १६१४ मध्ये. पाचशे वर्षांपूर्वी तो जन्मालाच आला नव्हता, मग त्याचा सेवक देऊळ कुठून बांधणार? आणि एकच देऊळ दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या शतकांत कसं बांधलं, हे पुढे पाठवताना एकालाही खटकलं नाही?

मला खरा संताप आहे तो शापाच्या गोष्टीचा.

अहिल्याबाई गेल्या १३ ऑगस्ट १७९५ रोजी. या देवळाचं बांधकाम महसुली नोंदींनुसार १८२५ ते १८३० मधलं सांगतात. बांधणारा कोण यावर मतं वेगळी आहेत, कुणी अमेठीच्या राजघराण्याचं नाव घेतं. पण ती तारीख बाजूला ठेवा. १८६० च्या दशकातले या घाटाचे फोटो उपलब्ध आहेत आणि त्यांत देऊळ सरळ उभं दिसतं. म्हणजे अहिल्याबाई जाऊन पासष्टेक वर्षं झाली तरी ते कललेलं नव्हतं. शाप देताक्षणी कललं म्हणता, मग फोटोतलं ते सरळ देऊळ कुठलं?

आणि शाप कशासाठी, तर दासीने नाव लावलं म्हणून! माळव्यात राहिलेला इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने १८२३ साली मध्य हिंदुस्थानावरचा ग्रंथ छापला, तेव्हा अहिल्याबाईंना पाहिलेली माणसं माळव्यात हयात होती. त्याने नोंदवलेला एक प्रसंग आहे. एका ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, मी दुबळी, पापी बाई, एवढ्या स्तुतीला पात्र नाही, असं म्हणाल्या आणि तो ग्रंथ नर्मदेत टाकायला सांगितला. ही बाई दासीच्या नावावर जळेल? हुकुमांवर त्या सही करायच्या "श्रीशंकर" अशी. काशीविश्वनाथाचं आजचं देऊळ त्यांनी १७८० च्या सुमारास उभं केलं आणि ते विश्वनाथाच्याच नावाने राहिलं. काशीत इतकं करून ठेवलेल्या बाईच्या तोंडी शाप घालायचा आणि आपण मराठी माणसांनी तो भक्तिभावाने पुढे पाठवायचा. मला हे सहन होत नाही.

मग देऊळ कललं कशाने? ते कुठे बांधलंय ते बघा. काशीची बाकीची देवळं घाटाच्या पायऱ्यांवर, उंचावर आहेत. हे अगदी खाली, नदीच्या काठाला टेकून. मी गेले तेव्हा फेब्रुवारी होता, तरी खांबांवर पुराच्या पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी करडा, चिकट गाळ साचलेला होता. बोट घातलं तर अर्धं आत गेलं. पावसाळ्यात गाभारा पाण्याखाली जातो. १८२० ते १८३० या काळात बनारसच्या टांकसाळीत असलेल्या जेम्स प्रिन्सेपने लिहिलंय की, दार पाण्याखाली गेलं की पुजारी बुडी मारून पूजेला जात. शेजारचा शिंद्यांचा घाट, बायजाबाईंनी बांधवलेला, तोही स्वतःच्या वजनाने खचला होता. तिथली जमीनच तशी आहे.

पिसाबद्दल एक गोष्ट कबूल करावी लागेल. पिसाचा मनोरा आज साधारण ४ अंश कललेला आहे आणि हे देऊळ ९ अंशांच्या आसपास. आकडा खरा आहे. पण मनोरा ५५ मीटरच्या घरात आणि देऊळ जेमतेम १३ मीटर, त्यामुळे तुलना फार ताणू नये. आणि लपवलं कुणी? घाटावरचा प्रत्येक नाववाला नाव थांबवून ते दाखवतो.

कावळे काशीत आहेत, पितृपक्षात त्यांच्यासाठी तिथेही घास ठेवतात. वासाचं मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर अर्धा तास उभं राहिलात की कळेल.

गंगाजळाचं मात्र मावशीला दोनदा सांगितलं, कारण ती नातवासाठी कॅन भरून आणणार होती. हॅन्किन नावाच्या इंग्रज जंतुशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू मरतात असं दाखवलं होतं, ते खरंय. पण ते पटकीबद्दल आणि तेव्हाचं. आज आपल्याकडे नदीत नुसती आंघोळ करायची तरी १०० मिलिलिटरला मैल्यातले जंतू जास्तीत जास्त २५०० चालतात. पिण्याच्या पाण्यात एकही चालत नाही. तीन वर्षांच्या पोराला ते पाजायचं नाही. देवघरात सीलबंद गडू ठेव, तेवढं पुरे.

आणि मावशी, त्या देवळाला हात जोड. पायऱ्यांवर गाळ असतो, चप्पल घसरते, कुणाचा तरी हात धरून उतर. पाणी फार असलं तर वरूनच जोड.