तुमच्या रिव्ह्यूला उत्तर: घरी पाठवताना सांगायला हवं होतं ते

ताई, गर्भ आपोआप गेल्यावर पिशवी साफ होण्याच्या गोळ्या देताना "थोडं ब्लीडिंग होईल" एवढंच सांगितलं, खाट बाळंतिणींच्या वॉर्डात दिली आणि कार्डावरच्या "अबॉर्शन" शब्दावरून सासरी उलटतपासणी झाली, असं तुम्ही लिहिलंत. तिन्ही चुका आमच्या हॉस्पिटलच्या. मनापासून माफी मागते. तुमच्या फाइलमधलं काही इथे लिहिणार नाही. पण सांगायचं राहिलं ते इथेच लिहिते, अजून कुणाला तरी लागेल.

गोळ्यांनी "थोडं" ब्लीडिंग होत नाही. पाळीपेक्षा बरंच जास्त होतं, गाठी पडतात, पोटात कळा येतात. म्हणून दुखण्याची गोळी आधीच जवळ हवी. पहिल्या दिवशी थंडी वाजून ताप येऊ शकतो, तो गोळ्यांचाच. 24 तासांनंतरही 100.4 च्या वर राहिला किंवा अंगावरून घाण वासाचं जायला लागलं, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यायची. तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, किंवा चक्कर येतेय, तर रात्रीचे तीन वाजले असले तरी हॉस्पिटलला निघायचं. उलट 24 तासांत काहीच गेलं नाही, तरी फोन करायचा. नंतर दोनेक आठवडे डाग लागतात.

गरोदरपणाची लघवीची टेस्ट तीन आठवड्यांनी करा. आधी केली तर गरोदरपणाचं हॉर्मोन उतरलेलं नसतं, टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि जीव उगाच टांगणीला लागतो. तीन आठवड्यांनीही पॉझिटिव्ह आली तर सोनोग्राफी. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल (पुढच्या बाळाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून देतात ते) लगेच विचारा, द्यायचं झालं तर ते 72 तासांच्या आत देतात.

आता कार्ड. गर्भ आपोआप गेला तरी डॉक्टरी भाषेत "स्पॉन्टेनियस अबॉर्शन" म्हणतात. पहिला शब्द लिहायचा राहिला की वाचणाऱ्याला वाटतं, पाडून घेतला. मराठीतला "गर्भपात"ही दोन्हींना चालतो, त्यामुळे तोही पुरेसा नाही. यापुढे आम्ही "गर्भ आपोआप गेला" असं स्पष्ट लिहू, आणि अशा पेशंटला बाळंतिणींच्या वॉर्डात खाट देणार नाही.

नोकरी असेल तर 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे (2025 पर्यंत 1961 चा मातृत्व लाभ कायदा होता) सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यासाठी गर्भ गेल्याचा दाखला लागतो.

जुनं कार्ड घेऊन या, नवं कार्ड आणि दाखला दोन्ही देते. निघताना रिसेप्शनला फोन करा. गरोदर बायकांच्या रांगेत बसावं लागणार नाही, सिस्टर गेटवर येऊन तुम्हाला घेऊन जाईल.