बुढ्याच्या ताटात उरलं काय?

गावात कोणाला शुगर नाहीतर बीपी निघालं, की घरचे पहिले ताटातून एकेक वस्तू काढायला लागतात. भात बंद, तेल बंद, केळं बंद, शेंगदाणे बंद. तेवढ्यात कोणी पाहुणा सांगून जातो की तुरीच्या डाळीनं पित्त होते, मग वरणही पाण्यासारखं होतं. शेवटी उरते ती चहात कुस्करलेली पोळी. सकाळी तीच, संध्याकाळी तीच. बुढीला विचारा, तिचं उत्तर तयार असतं: "या वयात खाऊन काय पहेलवान व्हाचं हाय मले?"

माझं दर्यापूरकडच्या एका गावात मेडिकल आहे. काउंटरवरून जे दिसते त्यावरून माझं मत असं, की आपल्याकडचे म्हातारे खाऊन कमी आणि न खाऊन जास्त झिजतात.

वय वाढलं की दंड-मांड्यांचं मांस आपोआप उतरायला लागते. पन्नास किलोच्या बाईला दिवसाला निदान 40 ग्रॅम प्रथिनं पाहिजेत. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात. चहापोळीनं हा हिशोब कसा जुळणार? मग एक दिवस न्हाणीत पाय घसरतो, खुबा मोडतो आणि घरचे म्हणतात, साधं पडल्याचं निमित्त झालं. पुण्यातली पोरं प्रोटीन पावडरचे डबे पाठवतात. मी ते डबे विकतो, तरी सांगतो, आधी घरचं वरण घट्ट करा.

आता आमच्या खारपाणपट्ट्यातली गंमत. बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, म्हणून बाया चिमूटभर खायचा सोडा टाकतात. सोडा म्हणजे सोडियमच, आणि बीपीवाल्याला मीठ कमी सांगितलं ते सोडियमसाठीच. पाणी आधीच खारं, त्यात सोडा, वरून लोणचं-पापड. दिवसाचं सगळं मिळून मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमच्याएवढं, पाहिजे. डाळ रात्री भिजवा, नळाचं गोडं पाणी येते ते स्वयंपाकाला ठेवा, सोड्याची गरज पडत नाही.

दात नसले म्हणून चहापोळीवरच यायचं, असंही काही नाही. ज्वारीच्या कण्या ताकात, पातळ बेसन, मऊ खिचडी, दह्यात कालवलेली भाकर. जवसाची चटणी बारीक कुटलेली पाहिजे, अख्खं जवस जसं जाते तसंच बाहेर येते. आणि भाकरीनं शुगर वाढत नाही, गूळ चालतो, या दोन्ही गोष्टी डोक्यातून काढा. भाकर पोळीपेक्षा बरी, पण चार खाल्ल्या तर शुगर वाढणारच. गूळ तर साखरच.

मला खरी भीती वाटते ती उपासाची. एकादशीला बुढी पोटात काही टाकत नाही, पण "गोळी चुकवू नका सांगतलं डॉक्टरनं" म्हणून शुगरची गोळी बरोबर घेते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन रिकाम्या पोटी घेतलं तर शुगर धाडकन खाली येते. दरदरून घाम, हात थरथरणे, बरळणे. घरचे म्हणतात पित्त झालं, आणि लिंबू-मीठ देतात! अशा वेळी शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या, आणि गुंगीत असेल तर तोंडात काही न घालता सरळ दवाखाना गाठा. उपास सोडा म्हटलं तर बुढी ऐकणार नाही हे मलाही माहीत आहे. निदान आदल्या दिवशी डॉक्टरला विचारा, गोळीचं काय करायचं.

उन्हाळ्यात पाण्याचंही तसंच. पारा 45 वर असला तरी म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याचं कळत नाही, तांब्या भरलेलाच राहतो. मागायची वाट न पाहता हातात द्या. हार्ट किंवा किडनीचा आजार असेल तर मात्र पाणी किती, डाळ-दूध किती, हे डॉक्टरच ठरवतील. अशांनी ते 'कमी सोडियमचं' महाग मीठही मनानं आणू नये. त्यात पोटॅशियम असते, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी ते रक्तात आधीच वाढलेलं असू शकते.

तुमच्याकडे बिनदाताच्या माणसाला आणखी काय करून घालतात? कमेंटमध्ये लिहा, दुकानात येणाऱ्यांना सांगत जाईन.